‘शॉर्ट हेड’ म्हणजे छोटं डोकं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, पण विषयच असा आहे की दोन ओळीत बसत नाही, म्हणून जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

आपल्या पेपरात खेळाच्या पानावर घोड्यांच्या रेसच्या बातम्या येतात, पावसाळ्यात पुण्याच्या आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुंबईच्या महालक्ष्मीच्या. सोलापुरात त्या किती जण वाचतात माहीत नाही, आमच्या घरी मात्र वाचतात, कारण आमचे अण्णा. अण्णांनी पस्तीस वर्षं सोलापूर स्टेशनबाहेर टांगा हाकलाय. आता वय ८१, दिसतं कमी, म्हणून सकाळी चहा झाला की पेपर मी मोठ्याने वाचतो आणि घोड्याची बातमी आली की ते खुर्ची पुढे ओढून बसतात. मागच्या महिन्यात बातमीत वाक्य होतं की अमुक घोड्याने ‘छोट्या डोक्याने’ बाजी मारली. अण्णांनी मला थांबवलं. म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. म्हणाले, "डोकं लहान हाय म्हनून जिंकला का रे? हे काय लिहायलेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच बातमीत खाली ‘अपंगांची शर्यत’ असं होतं, ते ऐकून तर अण्णा चिडलेच, लंगड्या घोड्याला पळवतात म्हणजे ही माणसं आहेत का कोण, असं म्हणून उठून आत गेले. माणूस जन्मभर घोड्याच्या खुरात खडा अडकला तरी सवारी उतरवून आधी खडा काढणारा, त्याला हे कसं सहन होणार.

मग मी पुण्याला आतेभावाला फोन लावला, तो कँपात राहतो, रेसकोर्सपासून जवळच, आणि त्याला यातलं बरंच कळतं. दोन-तीन रविवार फोनवर बसून एकेक शब्द समजून घेतला आणि अण्णांना सांगितला. तेव्हा लक्षात आलं की बातमी करणाऱ्याने इंग्रजी मजकुराचं शब्दाला शब्द मराठी केलंय आणि त्यात अर्थ पार उलटा झालाय.

शॉर्ट हेड हे अंतर आहे. दोन घोडे जवळजवळ बरोबरीने आले आणि पहिल्याचं नाक दुसऱ्याच्या जेमतेम पुढे असलं तर तो ‘शॉर्ट हेड’ने जिंकला. त्याहून जास्त म्हणजे डोक्याएवढं पुढे असेल तर ‘हेड’, मानेएवढं असेल तर ‘नेक’, मग अर्धी लेंग्थ, पाऊण लेंग्थ, एक लेंग्थ. लेंग्थ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा, साधारण आठ फूट. डोळ्याला कळलं नाही तर फोटो बघून निकाल देतात, आणि फोटोतही बरोबर दिसले तर ‘डेड हीट’, म्हणजे दोघंही पहिले. एवढं सांगितल्यावर अण्णांनी दोन्ही हात पुढे धरून एक हात चार बोटं पुढे सरकवला आणि म्हणाले, "एवढं." हो, एवढंच.

हँडिकॅपचं सांगायला मला जास्त वेळ लागला पण अण्णांना ते लगेच कळलं. हँडिकॅप म्हणजे अपंग नाही ओ साहेब. आधीच्या रेसमध्ये घोडा कसा पळाला ते बघून त्याला रेटिंग देतात, आणि जो घोडा चांगला त्याच्या पाठीवर वजन जास्त, जो कच्चा त्याच्यावर कमी, हेतू हा की सगळे घोडे एका ओळीत यावेत आणि कोण जिंकेल हे आधी सांगता येऊ नये. जॉकी म्हणजे घोड्यावर बसणारा हलका असला आणि वजन कमी पडत असलं तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. रेसच्या आधी जॉकी खोगिरासकट काट्यावर बसतो आणि जिंकल्यावर परत बसतो, वजन कमी भरलं तर जिंकलेली रेस हातातून जाते. नवशिक्या जॉकीला वजनात सूट असते, त्याला ‘अलाउन्स’ म्हणतात, आणि आपल्या पेपरात त्याचा ‘भत्ता’ झाला होता, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार पोराला पैसे मिळाले. अण्णा म्हणाले, यात काय अवघड आहे, आमच्याकडे दोन घोडे होते, हिऱ्या आणि सर्जा, हिऱ्या दमदार, त्याला चार सवाऱ्या आणि वर वळकट्या, सर्जाला दोनच, तेव्हा कुठे दोघं एका वेळेला नव्या पेठेत पोचायचे. मी कितीही शब्द वापरून सांगितलं असतं तरी याच्यापेक्षा नीट हँडिकॅप सांगता आला नसता.

तसंच ‘गोइंग’चं. गोइंग सॉफ्ट आहे म्हणजे ट्रॅकची जमीन ओली, पाय रुततो. पेपरात आलं होतं ‘वातावरण मवाळ’. आता सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला काळी माती आणि मुरूम यातला फरक सांगायला लागतो का? पाऊस झाल्यावर काळ्या रानात पाय टाकला की चपलेला किलोभर चिखल येतो, आणि मुरमावर पाणी दहा मिनिटांत जिरतं. घोड्याचंही तसंच, काही घोडे ओल्यात चालतात, काहींना कडक जमीन लागते, म्हणून रेसच्या दिवशी पेनेट्रोमीटर नावाचा एक दांडा ट्रॅकवर टाकून तो किती आत जातो ते मोजतात आणि आकडा जाहीर करतात, आकडा जास्त तर जमीन जास्त मऊ. हा आकडा बातमीत छापून येतो पण तो कशाचा हे कुठेच नसतं.

आणि काही शब्द तर मराठीत आहेतच की. फोल म्हणजे शिंगरू. कोल्ट आणि फिली म्हणजे पाच वर्षांच्या आतला घोडा आणि आतली घोडी, यांना आपल्याकडे वछेरा आणि वछेरी म्हणतात. गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेला घोडा. ब्लिंकर म्हणजे झापडं, टांग्याच्या घोड्याला असतात तीच, शेजारचा घोडा दिसून बिचकू नये म्हणून. हे शब्द अकलूजच्या घोडेबाजारात आजही कानावर पडतात, दिवाळीनंतर तिथे जाऊन उभे राहा, दात बघून वय सांगणारे लोक भेटतील. फक्त रेसमधलं वय थोडं वेगळं आहे, घोडा कधीही जन्मलेला असू दे, १ जानेवारीला सगळ्यांचं वय एक वर्षाने वाढतं. म्हणून महालक्ष्मीची मोठी रेस, इंडियन डर्बी, फेब्रुवारीत असूनही ती चार वर्षांच्या घोड्यांची म्हणवते. ही डर्बी १९४३ पासून होते, अंतर २४०० मीटर, जुन्या हिशोबात बारा फर्लांग, फर्लांग म्हणजे २२० यार्ड, मैलाचा आठवा भाग. अण्णांच्या वयाच्या माणसाला फर्लांग चांगलं कळतं, अडचण आम्हा मीटरवाल्यांची आहे. सेंट लेजर ही दुसरी मोठी रेस पुण्यात होते ती २८०० मीटर. हे एवढं अंतर कंसात का होईना द्यावं, कारण लांब पल्ल्याचा घोडा वेगळा आणि कमी पल्ल्याचा वेगळा. ‘मेडन’ म्हणजे अजून एकही रेस न जिंकलेला, मग तो घोडा असो की घोडी, त्याचं ‘कुमारी’ करू नका, वाचताना लाज वाटते.

पैशाच्या शब्दांबद्दल थोडंच लिहितो. आमच्या घरात कोणी रेस खेळत नाही. पण फेव्हरिट म्हणजे ‘लाडका घोडा’ नाही, ज्याच्यावर जास्त पैसे लागलेत आणि म्हणून ज्याचा भाव, म्हणजे जिंकल्यास रुपयामागे मिळणारे पैसे, सगळ्यात कमी तो फेव्हरिट. तो जिंकेलच असं नाही. टनाला म्हणजे पहिले तीन घोडे बरोबर त्याच क्रमाने सांगणं, क्विनेला म्हणजे पहिले दोन, क्रम कसाही. आमच्या गल्लीतला एक जण पुण्यात कामाला होता, तिकीट क्विनेलाचं समजून टनालाचं घेऊन आला आणि दोन घोडे बरोबर आले म्हणून नाचत होता, हातात काहीच आलं नाही. तो हरला याचं वाईट नाही, पण आपण पैसे कशावर लावले हेच त्याला ठाऊक नव्हतं, याचं वाटतं. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय, मग ते कौशल्य काय हे वाचणाऱ्याला कळायला नको का?

घोडा आमच्यासाठी परका नाही. आषाढात माउलींची पालखी माळशिरस तालुक्यात येते, पुरंदावड्याला गोल रिंगण होतं, अश्व दौडत गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, अण्णांनी मला खांद्यावर बसवून ते दाखवलंय. बैलगाड्यांच्या शर्यतीचंही बघा, तिथे कोणत्या तासाला म्हणजे पट्ट्यात कोणती गाडी, फायनलला कोण, हे शेंबडं पोर सुद्धा सांगतं कारण ते त्याच्या भाषेत सांगितलेलं असतं. घोड्यांच्या रेसमध्येही पांडू खाडे, वसंत शिंदे असे मराठी जॉकी नावाजले, म्हणजे माणसं आपली, फक्त बातमीची भाषा आपली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जो शब्द रेसचा आहे तो तसाच ठेवा, शॉर्ट हेड म्हणा, हँडिकॅप म्हणा, पण त्याच्या शेजारी अर्धी ओळ अर्थ द्या, आणि जिथे आपला शब्द आहे तिथे आपला घाला. आणि अण्णांनी एक आवर्जून लिहायला सांगितलंय. निकालात घोड्याचं नाव असतं, जॉकीचं, ट्रेनरचं, मालकाचं असतं, पण पहाटे उठून त्याला खरारा करणारा, दाणापाणी करणारा, आजारी पडला तर रात्रभर तबेल्यात बसणारा मोतद्दार कोण ते कधीच नसतं. डर्बीसारख्या मोठ्या रेसला तरी त्याचं नाव विचारून छापा.

मी एका वहीत चाळीसएक शब्द लिहून ठेवलेत, डाव्या बाजूला रेसवाल्यांचा शब्द, उजव्या बाजूला अर्थ, आणि अण्णांनी सांगितलेले टांगेवाल्यांचे शब्द लाल शाईत. दोन पानं झेरॉक्स करून या पत्रासोबत जोडलीत, उरलेली पाहिजे असतील तर ऑफिसात आणून देतो.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर