खारघरच्या बाईकबद्दल

चरई, ठाणे

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी ती सेकंडहँड एक्सपल्स, म्हणजे तुझी दगडमातीच्या वाटांवर चालवायची बाईक, बघताना मी गप्प राहिलो म्हणून तू नेरूळपर्यंत घुश्श्यात होतीस. विकणाऱ्यासमोर दोष काढायचे नव्हते, आणि फोनवर बोललो की आपलं भांडण होतं. म्हणून लिहितोय.

पोचल्यावर मी खाली वाकलो, ते बुटाची नाडी बांधायला नव्हे. इंजिनाजवळ हात नेला तर चांगलंच गरम! आपण येण्याआधी त्याने ती सुरू करून ठेवली होती. असेलही बिचारा दूध आणायला जाऊन आला. पण थंड इंजिन किती वेळा सेल्फ मारल्यावर उठतं, पहिल्या मिनिटात निळा धूर सोडतं का, हे आपल्याला दिसलंच नाही.

पुढचं चाक धरून झटके सोसणाऱ्या फोर्कच्या नळीवर तेलाचं ओलं कडं होतं, वर धूळ चिकटलेली. आतलं तेल अडवणारं ऑइल सील गेलंय. यात कंपनीचा दोष नाही, चिखलात चालवली की ते जातंच. तेवढे पैसे भावातून कमी करून घ्यायचे. मला खरी शंका कोनसेटची, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवायचं. बरोबर मधोमध खटकन अडल्यासारखं झालं, तर गाडी बऱ्याच उड्या मारून आलीय. स्पोकवर पान्याने टकटक कर. घट्ट स्पोक टणटणतो, सैल असेल तो ठप्प बोलतो. टाकीवरच्या ओरखड्यांना मात्र घाबरू नकोस. ही गाडी पाडायचीच असते.

आणि पडलेली उचलायचीही असते! एक्सपल्स २०० ची सीट ८२३ मिमी उंच, तू पाच फूट दोन. तुझा एकच पाय टेकत होता, तोही चवड्यावर. सपाट रस्त्यावर चालेल, खडीच्या उतारावर नाही. वजन दीडशे किलोच्या वर, म्हणजे तांदळाची तीन पोती. उजवीकडे पडली तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, मग गाडीला पाठ लावून, गुडघ्यात वाकून, पायांच्या जोरावर उठायचं. कंबरेने ओढायची नाही. त्याच्यासमोर उचलून दाखव, मग पैशांचं बोलू.

तुला आधी हवी होती ती विनानोंदणी, निव्वळ ट्रॅकवरची गाडी घेतली नाहीस, बरं केलंस. ती पाम बीच रोडवर काढताच आली नसती. आणि हो, येऊरला जायचं डोक्यातून काढ. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.

कागदांचं माझं दुखणं तुला ठाऊक आहे. १९९४ साली मी एक सेकंडहँड गाडी घेतली आणि टीटीओवर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, सही 'नंतर' घ्यायची ठेवली. मालक बदली होऊन गेला, पत्ता लागला नाही. चांगली चालती गाडी शेवटी भंगारवाल्याने नेली. तेव्हा २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही आधी, पैसे मागून. आरसीवर बँकेचा बोजा दिसला तर ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेची एनओसी. चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळव, ई-चलनं बाकी आहेत का बघ. विमाही तुझ्या नावावर व्हायला हवा.

बुटांचे आणि नी-गार्डचे पैसे मी देतो. आईला सध्या एवढंच सांगितलंय की तू स्कूटर बघतेयस.

येत्या रविवारी साडेआठला खारघर स्टेशनबाहेर थांबतो. त्याला आदल्या रात्री फोन कर आणि सांग, आम्ही येईपर्यंत गाडीला हात लावू नका.

तुझे बाबा