रंग शिमग्याच्या सुमाराला लावा, गणपतीच्या तोंडावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की पुरवण्यांमधून गणपतीसाठी घर सजवायचे सल्ले सुरू होतात. कुठल्या भिंतीला कुठली शेड, पडद्याशी मेळ कसा, हे सगळं त्यात असतं. भिंत सुकलेली आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या चिऱ्याच्या घरात पहिला प्रश्न तोच. चाकरमानी रजा टाकून येतात, हौसेने स्वतः रोलर फिरवतात आणि दिवाळीपर्यंत त्याच भिंतीचे पोपडे केरात जमा होतात. मग बोल लावला जातो तो रंगाला.

जांभा चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात जोत्यातून पाणी वर चढतं आणि जमिनीपासून दोन-तीन फूट भिंत ओली राहते. त्यात गिलाव्याला न धुतलेली खाडीची वाळू वापरलेली असली की मीठ भिंतीतच मुरलेलं असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती त्याखाली क्वचितच येते. कौलं गळत नसताना, नळाची लाइन जवळपास नसताना भिंतीवर ओलीचे डाग दिसतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. पुढे हवा कोरडी झाली की तेच मीठ पांढरी भुकटी होऊन बाहेर येतं आणि येताना रंगाला ढकलतं. अशा भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे पाणी कोंडून ठेवणं. आधी जोत्याबाहेरची माती उतरवा, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढा. भुकटी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून टाका. पाण्याने धुतलीत तर ती विरघळून परत आत जाते.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येते आहे, रंग लावू नका. बाहेरच्या बाजूला धरले तर ती हवेतली. जमिनीलगत एक आणि डोक्याच्या उंचीवर एक, अशा दोन जागी बघा. जुना रंग धरून आहे का, हेही चिकटपट्टीने कळतं: दाबून लावा, झटक्याने ओढा. पट्टीला रंग आला, किंवा भिंतीवरून हात फिरवल्यावर पांढरा झाला, तर तो थर खरवडूनच काढायचा. भुकटी सुटणाऱ्या जुन्या डिस्टेंपरवर प्लास्टिक पेंट मारला की तो ओल्या रोलरबरोबरच सुटून येतो.

बुरशीवर थेट रंग चढवू नका. एक भाग घरगुती ब्लीच, तीन भाग पाणी, हातात मोजे. पंधरा मिनिटं ठेवून धुवा आणि पूर्ण सुकू द्या. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. दारं-खिडक्यांचा जुना ऑइल पेंट घासताना पॉलिश पेपर ओला ठेवा. घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं, आणि घरात लहान मुलं असतात.

आता हिशेब. दहा बाय बाराची खोली, भिंती दहा फूट उंच: घेर ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. एक दार, दोन खिडक्या वजा केल्या की साधारण ३९० उरतात. चांगल्या पुट्टीच्या भिंतीवर एक लिटर इमल्शन (प्लास्टिक पेंट) दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, १०० ते १२० चौरस फूट पुरतं, म्हणजे चार लिटर. कौलारू घर असेल तर वरचा त्रिकोण वेगळा मोजा, तो हमखास विसरला जातो. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीला किलोमागे ३५० ते ४०० मिली पाणी. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. ती घट्ट झाल्यावर वरून पाणी घालून परत वापरली की पुढे भुसभुशीत होऊन गळते. नवा गिलावा असेल तर पाणी मारणं थांबल्यावर निदान महिनाभर हात लावू नका.

इमल्शन पातळ करायला मचूळ विहिरीचं पाणी नको. भिंतीतून मीठ काढायचं आणि रंगातून परत घालायचं, याला काय अर्थ आहे! गोडं पाणी घ्या, तेही डब्यावर लिहिलंय तेवढंच. एकाच शेडचे दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करा, नाहीतर मधल्या भिंतीवर फरक दिसतो. कोपरे आणि कडा आधी ब्रशने, आणि त्या ओल्या असतानाच रोलर. भिंतीच्या मध्यावर थांबू नका, कोपऱ्यापर्यंत जाऊनच चहा घ्या. रोलर चालू असताना पंखा बंद ठेवा, नाहीतर वाऱ्याने कडा लवकर सुकतात आणि पट्टे उमटतात. उन्हाळ्यात दोन हातांमध्ये चार ते सहा तास पुरतात, दमट हवेत दुसरा दिवस उजाडू द्या.

खिडक्यांच्या गजांवर समुद्राचा खार बसलेला असतो. आधी गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, मग तारेच्या ब्रशने गंज काढा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला थर) लावा. पावसात फुगलेल्या दाराला रंधा मारू नका, शिमग्यात तिथे बोटभर फट पडते.

गणपतीआधी काही करायचंच असेल तर रंग शाबूत असलेली भिंत साबणाच्या पाण्याने पुसा, तेवढी पुरते. जुन्या चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच हात द्या. किलोभर कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी, चोवीस तास मुरवून फडक्यातून गाळायचं, थोडा डिंक आणि नीळ. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग चुना थोडा थोडा. तो उकळून उडतो, डोळे सांभाळा. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. चुना ओल बाहेर जाऊ देतो, म्हणून जुनी माणसं दरवर्षी त्याचाच हात देत. प्लास्टिक पेंटवर मात्र तो धरत नाही. बाकी माटवीमागच्या (गणपतीवरच्या सजवलेल्या मांडवामागच्या) भिंतीला कापड लावा आणि रंगाचं काम माघापासून मेच्या मध्यापर्यंत कधीही काढा.

आपल्या पुरवणीला विनंती एवढीच, की हे सल्ले जानेवारीत छापावेत आणि सोबत चौरस फुटांचा तक्ता द्यावा. मशीनवर शेड बनवलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे मोजमाप चुकलं की भुर्दंड गिऱ्हाइकालाच.

आपले,
रंगकाम करणारे काही कारागीर, मालवण