चपलांच्या आवाजावरून बाप ओळखणारी लेकरं : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. आमच्याकडे बाजार बुधवारी भरतो. गुरुवारी सकाळी माझ्या वर्गात दोन-तीन लेकरं दप्तरावर डोकं ठेवून झोपतात.

त्यातल्या एका मुलीला मी कितीतरी दिवस आळशी समजत होते. एकदा खिचडीच्या रांगेत तिनंच सांगितलं, "मॅडम, बाबानं चपला नीट काढल्या तं काही नाही होत. फेकल्या तं माय मले काकूकडे धाडते." बाजाराच्या रात्री बाप पिऊन आला का, हे चपलांवरून ओळखायला नऊ वर्षांचं पोर अंधारात कान देऊन जागं! सकाळी तिला सातचा पाढा येत नाही म्हणून मी रागावत होते.

याच मुलीनं पोळ्यावर निबंध लिहिला होता. खांदशेकणीला बाबा बैलाच्या खांद्याला किती हळू हातानं हळद-लोणी लावतात, यावर अर्धं पान. तिचा बापावर जीव आहे, साहेब. त्याच हातानं आईला मार बसतो तेव्हा तिनं कुणाचं व्हायचं? आई रडली की ती म्हणते, "माह्यामुळेच झालं." लहान मुलं घरातल्या भांडणाचा दोष स्वतःकडे घेतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वर्गात ऐकल्यावर त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मुलग्यांचं वेगळं. चौथीतल्या एकानं बहिणीच्या पाठीत गुद्दा घातला. का मारलं विचारलं, तर म्हणाला, "ऐकत नाही तं काय करू?" वाक्य त्याचं नव्हतं.

बाप लेकराला हात लावत नाही, म्हणजे लेकरू सुखरूप, असं गावात सगळेच धरून चालतात. हे खरं नाही. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात बालपणीच्या आघातांची यादी केली होती. आईला मार खाताना पाहणं हा त्यात स्वतंत्र आघात धरला आहे. रोज धोक्याची चाहूल घेणाऱ्या मुलाचं शरीर सतत ताणात राहतं. मग झोप, लक्ष, राग आवरणं, माणसावर विश्वास टाकणं, सगळंच कच्चं राहतं.

दारू बंद करा, हे मीही म्हणते. पण तेवढ्यावर थांबू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, नवरा वारंवार दारूच्या नशेत असतो अशा 100 बायांपैकी सुमारे 70 जणींनी त्याची हिंसा सोसली होती. नवरा पीतच नाही, अशांमध्येही 23 जणींनी. कापसाला भाव नाही, सोसायटीचं कर्ज आहे, हे मला रोज दिसतं. तेवढंच कर्ज असून बायकोवर हात न उचलणारे बापही याच गावात आहेत.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यानुसार संरक्षण अधिकारी कौटुंबिक घटनेचा अहवाल भरतात. त्यात मुलांविषयी नाव, वय, लिंग आणि सध्या कोणाजवळ राहतात, एवढंच विचारलं आहे. मूल झोपतं का, जेवतं का, बोलायचं थांबलं का, यासाठी रकाना नाही. नमुना केंद्राच्या नियमांतला आहे, हे मला माहीत आहे. पण त्याला मुलाच्या अवस्थेचं एक पान जोडायला आपल्या विभागाचं परिपत्रक पुरेसं व्हावं.

तेही कुणी तक्रार केली तरच. बहुतेक आया करत नाहीत. मुलांच्या मदतीचा 1098 क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवला आहे, पण घरात मोबाइल एकच, आणि तो बापाच्या खिशात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा समुपदेशक जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो. आमच्या जिल्ह्यात 16 तालुके आहेत. एक माणूस कुठं कुठं पुरणार? म्हणून प्रत्येक तालुक्याला एक बाल समुपदेशक द्या. त्यानं फिरतीवर शाळेत यावं, आणि आईच्या तक्रारीची वाट न बघता शिक्षकाला किंवा अंगणवाडीताईला त्याला बोलावता यावं. लेकरू घरातून उचलून न्या, असं मी म्हणत नाही. त्याला बोलायला कुणीतरी हवं, आणि बापाशी बोलणारंही.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी एवढं झालं, तर पहिल्या बाजारानंतरच्या गुरुवारी मी त्या मुलीला झोपू देईन आणि समुपदेशकाला फोन लावीन.

आपली,
एक जि.प. शिक्षिका, यवतमाळ जिल्हा