शॉकपवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची ताकीद, म्हणून नुसतं ‘काका’. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासचे लोक ओळखायचे ते ओळखतीलच.

परवा सौ.ला मागे बसवून ओंकारेश्वरला जाऊन आलो. भेरूघाटाच्या उतारावर पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला, मी ब्रेक दाबला आणि गाडीने नेहमीसारखं नाक खुपसलं नाही. वळणावर हेंडलही हातात राहिलं. पत्र लिहायचं तिथेच ठरलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझा एकच हट्ट होता: शॉकप कडक करून द्या. त्यासाठी आधी एका गॅरेजात 20डब्ल्यू, म्हणजे जास्त घट्ट, तेल भरून झालं होतं. तरी ब्रेक मारला की गाडी वाकायचीच, फक्त जरा सावकाश. बारीक खड्ड्यांत मनगटं झिणझिणायची ती वेगळीच. लागोपाठ खड्डे आले तर पुढचा भाग वर यायच्या आत पुन्हा दबायचा. तुम्ही पाना उचललाच नाहीत. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकपच्या, पाइपला तो किती दबतो ते कळावं म्हणून केबल टाय बांधलात आणि मला गाडीवर बसवलंत. माझं वजन 88 किलो. दबायला जागा एकूण 130 मिलिमीटर, त्यातले 58 माझ्या बसण्यातच संपले होते.

“अरे भिया, तिसरा हिस्सा ठीक आहे. तुझी गाडी उभ्या उभ्या निम्मी बसलीय, खड्ड्यासाठी उरलं काय? वजन पेलते स्प्रिंग. तेल नुसती तिची घाई आवरतं.”

हे तुम्हाला मला दोनदा सांगावं लागलं, हे कबूल करतो. मग तुम्ही स्प्रिंगवर 20 मिलिमीटरचा पाइपचा तुकडा ठेवलात. त्याने ती कडक होत नाही, गाडी फक्त तेवढी वर उभी राहते, हे तर घरी जाऊन कागदावर मांडल्यावर कळलं. 58 चे 38 झाले, बास. तेल तुम्ही 10डब्ल्यूच भरलंत, पण स्प्रिंग बाहेर काढून, पाइप पूर्ण खाली दाबून, दोन्ही बाजूंची पातळी पट्टीने मोजून. आधीपेक्षा 10 मिलिमीटर वर. वर हवा कमी उरली की शेवटच्या टप्प्यात तीच आडवी येते, म्हणालात. आणि एक्सल आवळण्याआधी मला हेंडल धरून दहा-बारा वेळा पुढचं दाबायला लावलंत, फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसावेत म्हणून. इतकी वर्षं गाडी चालवतोय, हे कुणाला करताना पाहिलं नव्हतं. हेंडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला, कोन सेटला, खळगे पडले होते, तोही जाता जाता बदललात.

मी नव्या स्प्रिंगचे पैसे खिशात घालून आलो होतो, काका. तुम्ही तेल, सील, कोन सेट आणि मजुरी एवढंच घेतलंत. तुकडा तर पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपमधून कापलात. “कायम दोघं आणि सामान असं फिरणार असशील तर स्प्रिंग बदलू, आत्ता नको,” हे वाक्य मी घरी सगळ्यांना ऐकवून झालंय.

500 किलोमीटर झाले की सील गळतंय का बघायला ये, म्हणाला होतात. 430 झालेत. रविवारी सकाळी येतो. पोहे घेऊन येतो, वरून भुरभुरायचा जिरावण मसाला वेगळा बांधून.

आपला,
केबल टाय अजून न काढलेला