आई-बाबा, मी तेव्हा गप्प का राहिले

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पत्रकार परिषदेत कोच माझ्यावर ओरडला ती क्लिप तुमच्यापर्यंत पोचली हे मला काकूच्या फोनवरून कळलं. त्याआधीच बाबांचा मेसेज आला होता, "गप्प का बसलीस?" आणि त्याखाली आईचा, "जेवलीस का?" फोनवर हे नीट सांगता येत नाही. बाबा मध्येच तापतात, मग आई फोन काढून घेते आणि विषय गुडघ्यावर जातो. म्हणून लिहूनच काढते. आणि बाबा, कृपा करून ती क्लिप आणखी कुणाला पाठवू नका, मामांनी आधीच ती निम्म्या सांगलीला दाखवली आहे.

आधी त्या रात्रीचं सांगते. मी इथे अमेरिकेत ज्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमच्या बातम्या देते, ती टीम घरच्या कोर्टवर हरली. हातातला सामना शेवटच्या आठ मिनिटांत गेला आणि त्या आठ मिनिटांत त्यांचा सगळ्यात जास्त पॉइंट करणारा मुलगा बाकावर बसून होता. पत्रकार परिषदेची खोली म्हणजे जिमच्या मागचा एक वर्ग. घडीच्या खुर्च्या, एक टेबल, मागे कॉलेजचं बोधचिन्ह छापलेला पडदा. कोच आला तेव्हा आकडेवारीच्या कागदाची त्याने सुरळी केली होती, आणि त्या सुरळीने टेबलावर फटके मारतच तो बोलत होता. मी विचारलं, त्या मुलाला बाहेर का ठेवलंत? त्यावर तो काय बोलला ते तुम्ही ऐकलंच आहे. आयुष्यात कधी बास्केटबॉल खेळलीस का, तुला इथे पाठवलं कुणी, वगैरे वगैरे.

क्लिप तिथेच कापली आहे. पुढे काय झालं ते ऐका. माझ्या शेजारी दुसऱ्या पेपरचे एक वयस्कर बातमीदार बसतात. त्यांनी माइक घेतला आणि एक शब्दही न बदलता माझाच प्रश्न परत विचारला. आमच्यात हे न सांगता चालतं. कोच एकाला झोडपायला लागला की तोच प्रश्न दुसऱ्याने उचलायचा. तोच तमाशा लागोपाठ दोनदा करणं कुणालाही जड जातं. कोच थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, मध्यंतरानंतर पोराचा घोटा सुजला होता. मला हवं होतं ते मिळालं, बातमी वेळेत गेली. मी उलट बोलले असते तर सकाळी सगळीकडे माझीच बातमी झाली असती आणि घोट्याचं कुणाला कळलंही नसतं.

तुम्ही म्हणाल, असल्या माणसापुढे जायचंच कशाला? जावं लागतं, आणि त्यालाही यावं लागतं. एनसीएए म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणारी इथली संस्था. तिच्या राष्ट्रीय स्पर्धेत सामना संपला की दहा मिनिटं डोकं थंड करायला देतात आणि मग कोच आणि खेळाडूंना पत्रकारांसमोर बसवतात. दहा मिनिटांत सगळ्यांचं थंड होतंच असं नाही. शिवाय इथला कोच म्हणजे आपल्याकडचा क्रीडाशिक्षक नव्हे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा गव्हर्नर नसतो, सरकारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा कोच असतो. मग त्याच्यापुढे गावही वाकतं आणि विद्यापीठही.

मी राहते त्या इंडियाना राज्यात तर असल्या कोचचं मूळ पीठच आहे. बॉब नाइट. आमच्या न्यूजरूममध्ये आजही कुणी ओरडलं की म्हाताऱ्या मंडळींना हाच आठवतो. १९७१ ते २०००, एकोणतीस वर्षं तो ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठाचा कोच होता. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यातल्या १९७६च्या टीमने ३२ पैकी ३२ सामने जिंकले, आणि त्यानंतर आजवर वरच्या श्रेणीतल्या पुरुषांच्या एकाही टीमला अख्खा मोसम न हरता विजेतेपद मिळालेलं नाही. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकन टीमचा कोचही तोच. पैसे चारून खेळाडू आणल्याचा डाग त्याच्यावर नाही, आणि पोरांनी वर्गात बसलंच पाहिजे हा त्याचा हट्ट होता. बाबा, इथपर्यंत तुम्हाला तो आवडलाच असता.

आता दुसरी बाजू. २३ फेब्रुवारी १९८५ला पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात पंचांवर चिडून त्याने लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि कोर्टवर भिरकावली. समोरचा खेळाडू फ्री थ्रो मारायला उभा होता, त्याच्या पुढून ती घसरत गेली. १९८८मध्ये एका महिला पत्रकाराला टीव्हीवर मुलाखत देताना तो बलात्काराबद्दल असं काही बोलून गेला, की ते या पत्रात लिहवत नाही. १९९५मध्ये बॉइसी शहरात राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरल्यावर पत्रकार परिषदेतल्या संयोजकाने सांगितलं की नाइट येणार नाहीत. तेवढ्यात हा दारात हजर. मी येणार नाही हे तुला कुणी सांगितलं, असं विचारत कॅमेऱ्यांसमोर त्या बिचाऱ्याला त्याने असं काही फाडून खाल्लं की एनसीएएने विद्यापीठाला ३० हजार डॉलर दंड केला. पत्रकारांवर तर त्याचा खास लोभ. लिहायला आपण सगळे दुसरीतच शिकतो, पुढे बहुतेक जण त्याहून मोठ्या कामांना लागतात, हा त्याचा टोमणा इथे प्रत्येक क्रीडा बातमीदाराला पाठ आहे. टोमणा चांगला आहे, मान्य करायला हवं.

अशा माणसाशी वागायचं कसं, याची इथे सगळी उदाहरणं मिळतात. वॉशिंग्टन पोस्टच्या एका बातमीदाराला नाइटने १९८५-८६चा अख्खा मोसम जवळ ठेवून घेतलं. सराव, लॉकर रूम, टीमच्या मीटिंगा, सगळं खुलं. पुढे त्या बातमीदाराचं पुस्तक आलं आणि धडाक्याने खपलं. नाइट मात्र त्याच्यावर उखडला, का तर त्याने शिव्या जशाच्या तशा छापल्या! दुसऱ्या टोकाला ब्लूमिंग्टनच्या स्थानिक दैनिकाचे क्रीडा संपादक बॉब हॅमेल. त्यांची आणि नाइटची जिवलग मैत्री, पुढे नाइटच्या आत्मचरित्राचे सहलेखकही तेच. टीमच्या आतलं त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसायचं. मी त्यांना नावं ठेवत नाही. माणूस रोज भेटतो, घरी बोलावतो, मुलांची चौकशी करतो, मग त्याच्याविरुद्ध लेखणी उचलताना हात जड होणारच. मला स्वतःला ओरडणाऱ्या कोचपेक्षा गोड बोलणाऱ्या कोचची जास्त धास्ती वाटते.

नाइटला शेवटी जी बातमी भोवली, ती पत्रकार परिषदेत कुणी त्याच्याशी भांडल्यामुळे मिळालेली नव्हती. सीएनएन आणि स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या क्रीडा नियतकालिकाच्या संयुक्त चॅनेलच्या बातमीदारांनी टीम सोडून गेलेल्या पोरांना गाठलं. त्यांतल्या नील रीडने सांगितलं की १९९७मध्ये सरावात नाइटने माझा गळा धरला होता. मार्च २०००मध्ये ते दाखवलं गेलं. नाइट म्हणाला, असं काही घडलंच नाही. गावाने कुणावर विश्वास ठेवला असेल ते सांगायला नको. जिंकून देणारा कोच एकीकडे, टीम सोडून गेलेला पोरगा दुसरीकडे. पण एप्रिलमध्ये त्याच सरावाची टेप चॅनेलच्या हाती लागली. नाइटचा हात रीडच्या गळ्यावर, सगळ्या देशाने पाहिला.

तरी लगेच काही झालं नाही. मे महिन्यात विद्यापीठाचे अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी दंड ठोठावला, तीन सामन्यांची बंदी घातली आणि यापुढे एकही चूक खपवून घेणार नाही अशी ताकीद दिली. सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थ्याने त्याला नुसतं आडनावाने हाक मारली. याने त्याचा दंड धरून त्याला मोठ्यांना मान द्यायचा धडा शिकवला. १० सप्टेंबर २०००ला ब्रँड यांनी त्याला काढलं. त्या रात्री विद्यार्थ्यांचे लोंढे अध्यक्षांच्या घरावर चालून गेले, तेही कोचच्या बाजूने! नाइटवर उघड टीका करणारे तिथले प्राध्यापक मरे स्पर्बर यांना धमक्यांपायी काही काळ विद्यापीठ सोडून राहावं लागलं. आई, तू विचारत होतीस ना, नुसत्या खेळाच्या बातम्यांत कसली आली भीती?

काढल्यानंतर दोनच दिवसांनी ईएसपीएन या खेळांच्या चॅनेलवर पत्रकार जेरेमी शॅपने त्याची थेट मुलाखत घेतली. ती मी कितीदा पाहिली असेल याला हिशेब नाही. शॅप मध्येच प्रश्न विचारतो, नाइट बिनसतो आणि शेवटी म्हणतो, तुझ्या वडिलांइतका चांगला व्हायला तुला अजून लांबचा पल्ला गाठायचाय. शॅपचे वडील नावाजलेले क्रीडा पत्रकार. घाव बरोबर वर्मावर होता. शॅपने आवाज चढवला नाही आणि मुलाखतही सोडली नाही. अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा ते मी तिथे शिकले. गंमत म्हणजे टेक्सास टेक विद्यापीठात कोच म्हणून काही वर्षं घालवून, एकूण ९०२ विजय खात्यावर जमवून २००८मध्ये निवृत्त झाल्यावर हाच नाइट त्याच ईएसपीएनवर विश्लेषक म्हणून येऊन बसला. म्हणजे दुसरीत शिकलेल्या लोकांच्या पंगतीत!

फेब्रुवारी २०२०मध्ये तो वीस वर्षांनी ब्लूमिंग्टनच्या कोर्टवर परत आला तेव्हा म्हातारे लोक रडत होते. नोव्हेंबर २०२३मध्ये तो त्याच गावात वारला. आमच्या पेपरातल्या माणसांनी त्याच्यावर लिहिलेलं मी वाचलं. ज्यांचा त्याने चारचौघांत पाणउतारा केला होता, त्यांनीही १९७६ची टीम पहिल्या परिच्छेदातच घेतली होती. ते बरोबरच आहे. रीड मात्र काही जणांच्या लेखात एका ओळीत उरकला होता. तो २०१२मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला.

बाबा, एक विचारू? तुम्हीही शाळेत खो-खोची पोरं घडवलीत आणि पट्टीही वापरलीत. रस्त्यात भेटली की आजही तुमच्या पाया पडतात, ती पोरं मला माहीत आहेत. पण एक मुलगा मध्येच यायचा बंद झाला होता, आणि त्याची आई आपल्या दारात येऊन तुमच्याशी बोलून गेली होती. मी पडद्याआड उभी होते. तो कुठे असतो, तुम्हाला ठाऊक आहे का? रागावू नका, तुमची उलटतपासणी घेत नाही. या धंद्यात राहून सवय लागली आहे, जिंकलेल्यांचं सगळेच विचारतात म्हणून मी सोडून गेलेल्यांचं विचारते. आमच्या कोचच्या टीममधूनही या वर्षी दोन पोरं दुसऱ्या कॉलेजात गेली आहेत. एकाचा फोन लागला, बोलला नाही. दुसऱ्याची आई म्हणाली, परीक्षा संपू दे, मग बघू.

शनिवारी परत त्याच कोचचा सामना आहे. रात्रीचा असल्यामुळे तुमच्याकडे रविवारची सकाळ असेल, तेव्हा दुपारी जेवणं झाल्यावरच फोन करीन. आई, गुडघ्याचा एक्स-रे काढून घे, पुढच्या आठवड्यावर ढकलू नकोस. चकल्यांचा डबा पोचला, दोनच फुटल्या होत्या. अर्ध्या ऑफिसात नेल्या, त्या वयस्कर बातमीदारांनी घरी न्यायला म्हणून वेगळ्या बांधून घेतल्या.

तुमची,
मनू