गढीची माती ट्रॅक्टरनं चालली आहे, मंत्रिमहोदय

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या गढीचा दक्षिणेचा बुरूज पाडला. सकाळी सहाला जेसीबी आला, अकराला सगळं सपाट. पांढरी माती ट्रॅक्टरमध्ये भरून कुणाच्या शेतात गेली, कुणाच्या घराच्या भरावात गेली. गावात कुणी शंभर ट्रिपा म्हणतं, कुणी दीडशे. मी साठपर्यंत मोजल्या, पुढं मोजवेना.

दोन वर्षांपूर्वी याच बुरुजाखाली उभं राहून एका अधिकाऱ्यानं आम्हाला शब्द दिला होता, पावसाळ्याआधी पाहणी करू, तोवर कुणाला हात लावू देऊ नका. आम्ही लावू दिला नाही. दोन पावसाळे गेले. पाच अर्ज दिले, पाचही पोचा माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. पाहणीला कुणी फिरकलं नाही. म्हणून सहावा अर्ज आता चारचौघांत लिहितो आहे.

माती विकली ती आमच्याच भावकीतल्या माणसानं. गढीत अकरा हिस्से आहेत, त्याच्या वाट्याला तो बुरूज आला होता आणि घरात मुलीचं लग्न होतं. त्याच्यावर मी कुठल्या तोंडानं रागावू? पाच अर्जांपैकी एकाला जरी उत्तर आलं असतं, तरी त्याला थांबवायला माझ्या हातात कागद असता.

माझं बालपण त्या गढीत गेलं. भिंतीच्या पोटात बळद आहे, धान्य साठवायचं. त्यात उतरलं की अंधार आणि जुन्या ज्वारीचा उबट वास. 1948 साली रझाकारांच्या भीतीनं गावातल्या बायका-पोरी रात्री गढीत येऊन निजायच्या, असं आजी सांगायची. मोठा दरवाजा बंद, फक्त त्यातलं छोटं दार, दिंडी, उघडायची, तीही हाक ओळखीची असेल तर. त्यात पाटलांच्या घरच्या होत्या तशा सुताराच्या, कुंभाराच्याही होत्या. वेशीबाहेरच्यांना मात्र त्या रात्रीही बाहेरच राहावं लागलं, आणि या भिंतींची माती त्यांच्याच वाडवडिलांनी वेठीला वाहिली होती. हेही मला लिहायलाच हवं. वारसा सांगायचा तर सगळा सांगावा लागतो, आणि तो सांगायला भिंत तर उभी हवी!

बुरूज पडल्यावर संध्याकाळी मी त्या कापाशी गेलो. वर गढीची लिंपलेली माती, तिच्याखाली दोन बोटं जाडीचा राखेचा थर, त्याखाली खापऱ्या, आणि एका जागी शंखाच्या बांगडीचा तुकडा. म्हणजे गढीच्याही आधी तिथं कुणी चूल पेटवत होतं. आमच्या घरात मूळपुरुषाची गोष्ट सांगतात, ओसाड पडलेली पांढर, म्हणजे गावाच्या वस्तीची जागा, त्यानं कौल, म्हणजे सरकारचा लेखी परवाना, घेऊन पुन्हा वसवली. 'पुन्हा' या शब्दाचा अर्थ मला त्या संध्याकाळी, राखेला बोट लावल्यावर कळला. त्याच्याआधी जे इथं राहिले, त्यांची नावं कुठल्याच मोडी कागदात नाहीत. त्यांचं जे काही उरलं आहे ते या मातीतच आहे, आणि आपण ती खत म्हणून पसरतो आहोत.

इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं 1968 पासून दीड दशक उत्खनन केलं. अशाच पांढरीत तीन हजार वर्षांपूर्वीचं पाच खोल्यांचं घर निघालं, शेजारी धान्याचं कोठार. गावच्या प्रमुखाचं घर असावं, असं अभ्यासक म्हणतात. ते वाचताना मला आमचं बळद आठवलं. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या वस्तू वेचून वेचून जमवल्या, आज त्यांच्या नावानं सरकारी संग्रहालय आहे. एका गावकऱ्याला जे दिसलं ते सरकारी यंत्रणेला का दिसत नाही?

2025 च्या जुलैत बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. त्या दिवशी मीही पेढे वाटले. पण राज्यात चाळीस हजारांवर गावं आणि राज्य संरक्षित स्मारकं जेमतेम चारशेच्या घरात. उरलेल्या गावांना इतिहास नाही का? राजा जिथं राहिला तेवढंच जपायचं, आणि ज्यांनी रान मोडून शेतं केली, त्या शेतांच्या धान्यावर राजांची राज्यं चालवली, त्यांची घरं जेसीबीला द्यायची? स्मारकांचा राज्याचा कायदा 1960 चा आहे. गावठाण मोजायला आमच्याकडे ड्रोन आला, चुन्याच्या रेघा मारल्या, हिस्से नीट आखून दिले. कुणाचा किती तुकडा हे सरकारला इंचाइंचानं हवं असतं. त्या तुकड्यात काय आहे हे विचारायला एक माणूस पाठवायचा, तर दोन वर्षं पुरत नाहीत!

मला निधी नको, सुशोभीकरण नको, कमान तर मुळीच नको. पाहणी होईपर्यंत माती उचलायला लेखी मनाई द्या. एक जाणकार माणूस आणि मोजणीची टेप पाठवा. जिल्ह्यात अशा किती गढ्या उभ्या आहेत त्याची यादी करा, पडक्या असल्या तरी. माती विकणाऱ्याला चार पैशांचा दुसरा आधार मिळेल असं काही बघा, नाहीतर उद्या उत्तरेचा बुरूजही जाईल. त्याचा सौदा ठरल्याची कुजबुज गावात आहे.

दिंडीची किल्ली माझ्याकडे असते. ज्याला पाठवाल त्याला बॅटरी घेऊन यायला सांगा, बळदात उजेड नाही.

आपला,
गढीतल्या अकरा हिस्सेदारांपैकी एक