तक्रार : 'सोलो बजेट' म्हणून विकलेला अंगकोरचा आराखडा, चुकीचे बिल आणि परताव्याची मागणी

दिनांक : 20 फेब्रुवारी 2025
पेडणे, गोवा

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
(आपल्या पणजी शाखेमार्फत)

विषय : मार्च 2025 मधील कंबोडिया प्रवासाची ठरल्यापेक्षा वेगळी आखणी आणि न दिलेल्या सेवांचे पैसे घेतल्याबाबत.

महोदय,

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी आपल्या पणजी शाखेत 'एकट्या प्रवाशांसाठी बजेट आखणी' ही सेवा घेतली. जीएसटी धरून 82,000 रुपये आणि त्यावर टीसीएसचे (परदेशी सहलीच्या पैशांबरोबर कंपनीने आगाऊ गोळा करायच्या आयकराचे) 4,100 रुपये, असे सगळे पैसे मी एकरकमी भरले. अंतिम आराखडा मला या आठवड्यात ईमेलने मिळाला. तो वाचून शाखेत दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "मॅडम, सगळे असेच जातात" एवढेच उत्तर मिळाले. म्हणून हे लेखी कळवत आहे.

पहिला मुद्दा तारखांचा आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बुकिंगच्या अर्जात मी स्पष्ट लिहिले होते की 21 मार्चच्या पहाटे मला कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिराच्या पश्चिमेकडच्या दगडी वाटेवर उभे राहायचे आहे. बहुतेक हिंदू मंदिरे पूर्वाभिमुख असतात, अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे विषुवदिनाच्या सुमारास पश्चिम प्रवेशद्वारापाशी उभे राहिले की सूर्य मधल्या शिखराच्या बरोबर माथ्यावर उगवताना दिसतो. हा योग वर्षातून दोनदाच येतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, आणि सप्टेंबर तिथला भर पावसाळा. मी रजा त्याच हिशेबाने मागितली आणि मंजूर करून घेतली. अर्ज घेताना आपल्या प्रतिनिधीने ती तारीख माझ्यासमोर अधोरेखित केली होती.

आपल्या आराखड्यात 21 मार्चला मी बँकॉकमध्ये आहे. सकाळी शहरदर्शन, दुपारी रत्नांच्या दालनाला भेट आणि खरेदी, संध्याकाळी अंगकोरजवळच्या सिएम रीप शहराचे विमान. अंगकोर वाट 22 तारखेला. एका दिवसाने काय बिघडते, असे शाखेतून मला विचारण्यात आले. सूर्याचे एक वेळ सोडा, एका दिवसात तो फार सरकत नाही. पण 22 मार्चला वद्य अष्टमी आहे. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्या हे बौद्धांचे उपोसथाचे, म्हणजे व्रताचे, दिवस. त्या दिवशी अंगकोर वाटचा सर्वांत वरचा मजला, ज्याला बाकान म्हणतात, पर्यटकांसाठी बंद असतो. म्हणजे मी मागितलेला दिवस काढून आपण नेमका असा दिवस दिलात की ज्या दिवशी देवळाच्या गाभ्यापर्यंत पोहोचता येणार नाही अशीच दाट शक्यता आहे. आखणीचे पैसे घेणाऱ्याने एवढे तपासायला नको का?

शिवाय त्या एकाच दिवसात आपण सगळे कोंबले आहे. पहाटे 5 ला अंगकोर वाट, तिथे सव्वा तास. मग बायोन आणि ता प्रोम ही देवळे, जेवण, तिथून बांतेय स्रेईचे देऊळ आणि शेवटी सूर्यास्ताला फ्नोम बाखेंगची टेकडी. त्या टेकडीवरच्या देवळावर एका वेळी तीनशे माणसांनाच सोडतात. बांतेय स्रेई अंगकोर वाटपासून पंचवीस-एक किलोमीटरवर. तिथून परतून सूर्यास्ताच्या तोंडावर रांगेत उभे राहिले तर वर चढायला मिळणार नाही, हे तिथे माणसे नेणाऱ्या कंपनीला माहीत असायला हवे.

सव्वा तास हा आकडा मला सर्वांत जास्त लागला. मी पेडण्याची. जत्रेतल्या दशावतारात ज्या कथा रात्र-रात्र जागून पाहिल्या, त्या कथा बाराव्या शतकात ख्मेर राजा सूर्यवर्मा दुसरा याच्या कारागिरांनी तिथल्या बाहेरच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर कोरल्या आहेत. पश्चिमेच्या ओवरीत दक्षिणेकडे कुरुक्षेत्र आहे, शरपंजरी भीष्मासह. त्याच ओवरीच्या उत्तर बाजूला लंकेचे युद्ध. दक्षिणेच्या ओवरीत यम आणि चित्रगुप्ताचा दरबार, स्वर्ग आणि नरक. पूर्वेला समुद्रमंथन. हे एकच शिल्प सुमारे 49 मीटर लांब आहे : वासुकीच्या एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मध्ये विष्णू. पूर्वेच्या भिंतीला सकाळचा उजेड मिळतो आणि पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतरचा. म्हणून या देवळात दोन वेगवेगळ्या वेळी जायचे आहे, असे मी अर्जात लिहिले होते. आराखड्यात मात्र या ओवऱ्यांचा उल्लेखच नाही, "सूर्योदय व फोटो" एवढेच आहे. ता प्रोमपुढे "हॉलिवूड सिनेमातले झाडांचे मंदिर" असे लिहिले आहे. राजा सातव्या जयवर्म्याने 1186 च्या सुमारास आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारलेले हे देऊळ. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसे तिथे वर्षानुवर्षे पडलेले दगड पुन्हा जागेवर बसवत आली आहेत. भारतीय प्रवाशाला सांगायला याहून चांगले काय हवे होते?

23 मार्चची सकाळ तोनले साप सरोवरातले तरंगते गाव पाहण्यासाठी ठेवली आहे. मार्च हा तिथला कोरडा काळ, पाणी मागे हटलेले असते. ते मी मागितलेही नव्हते.

आता पैशांचे. बिलात "मंदिर प्रवेश, तीन दिवस : 6,500 रुपये" अशी नोंद आहे. अंगकोरचा एक दिवसाचा पास 37 डॉलरचा, तीन दिवसांचा 62 चा. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत सवडीने वापरता येतो, म्हणूनच कमी पैशांत जाणाऱ्याला तो परवडतो. आराखड्यात एकच दिवस असताना तीन दिवसांचे पैसे कशाचे? आणि पास काढला तरी आहे का? त्या पासावर प्रवाशाचा फोटो छापलेला असतो, तो दुसऱ्याला वापरता येत नाही. आपल्याकडून माझा फोटो कोणी मागितलेला नाही. विचारल्यावर "गाइड तिथे देईल" असे सांगण्यात आले.

"कंबोडिया ई-अरायव्हल कागदपत्र शुल्क" म्हणून 1,200 रुपये घेतले आहेत. देशात प्रवेशासाठीचा हा अर्ज तिथल्या सरकारच्या पोर्टलवर फुकट भरता येतो आणि पोहोचण्याच्या आधीच्या सात दिवसांतच भरायचा असतो. नोव्हेंबरात त्याचे शुल्क घेण्यासारखे काहीच काम नव्हते.

"सिंगल सप्लिमेंट : 14,000 रुपये" ही सर्वांत मोठी जादा रक्कम. मी अर्जात महिलांच्या डॉर्मिटरीतली खाट किंवा घरगुती गेस्ट हाऊसमधली साधी खोली मागितली होती. सिएम रीपमध्ये अशा जागा मुबलक आहेत. आपण मला दोघांच्या खोलीचे हॉटेल दिलेत आणि दुसऱ्या माणसाचा वाटा माझ्याकडून वसूल केलात. शाखेतल्या गृहस्थांनी "सोबत कोणी मैत्रीण घेतली असती तर स्वस्त पडले असते" असे सुनावले. मी एकटीच जाणार हे पहिल्या दिवसापासून लिहून दिले आहे, आणि आपल्या पत्रकावर तर मोठ्या अक्षरांत 'एकट्यांसाठी' असेच छापले आहे.

प्रवासाच्या टप्प्यांत दोन धोकादायक गोष्टी आहेत. सिएम रीपला उतरल्यावर "विमानतळ शहरापासून 7 किमी, टुकटुकने स्वतः जावे" असे लिहिले आहे. तो जुना विमानतळ. ऑक्टोबर 2023 पासून विमाने नव्या विमानतळावर उतरतात आणि तो शहरापासून चाळीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. रात्री उशिरा पोहोचणाऱ्या एकट्या बाईला ही माहिती देऊन पाठवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

परतीचे विमान बँकॉकला डॉन मुआंगवर उतरते आणि भारताचे विमान सुवर्णभूमीवरून सुटते. मध्ये अडीच तास. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली आहेत. म्हणजे आधी इमिग्रेशन, मग बॅग घेणे, मग बँकॉकच्या गर्दीतून दुसऱ्या विमानतळापर्यंत जाणे, तिथे पुन्हा चेक-इन. पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडाले आणि मी रात्रभर तिथेच अडकले. मोपाला उतरून दाबोळीचे विमान पकडण्यासारखे आहे हे. गोव्यात शाखा चालवणाऱ्या कंपनीला एका शहराच्या दोन विमानतळांचा घोळ समजावून सांगावा लागू नये.

टीसीएसचे 4,100 रुपये माझ्या 26 एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या करनोंदीत, अजून दिसत नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे विवरण आपण जानेवारीत भरायला हवे होते. प्रमाणपत्रही मिळालेले नाही. ही रक्कम माझ्या आयकरात वळती व्हायची आहे, ती माझी आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. आपण ग्रुप टूरचा तयार आराखडा उचललात, त्यात माणसांच्या जागी एक आकडा घातलात आणि त्याला 'सोलो बजेट' नाव दिलेत. ग्रुपमध्ये चूक झाली तर बस थांबते, टूर मॅनेजर धावपळ करतो. एकट्या प्रवाशाजवळ फक्त तो कागद असतो. कमी पैसे भरणाऱ्याजवळ चूक निस्तरायला जादा पैसेही नसतात. म्हणून त्या कागदातली प्रत्येक वेळ आणि प्रत्येक अंतर खरे असणे हीच मी विकत घेतलेली सेवा होती.

माझ्या मागण्या अशा. बँकॉकचा मुक्काम काढून मला 20 मार्चपर्यंत सिएम रीपला पोहोचवावे, 20, 21 आणि 22 हे तिन्ही दिवस अंगकोरसाठी मोकळे ठेवावेत आणि तीन दिवसांचा पास माझ्या फोटोसह माझ्या नावावर काढावा. परतीचा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच विमानतळावरून असावा. तिकीट बदलण्याचा खर्च आपण सोसावा, कारण तारीख मी पहिल्यापासून लेखी दिली आहे. सिंगल सप्लिमेंटचे 14,000 आणि ई-अरायव्हलचे 1,200, असे 15,200 रुपये परत करावेत. टीसीएस भरल्याचे प्रमाणपत्र द्यावे. हे 1 मार्चपर्यंत जमणार नसेल तर तसे लेखी कळवून सर्व 86,100 रुपये परत करावेत. मी माझी सोय वेगळी लावीन.

1 मार्चपर्यंत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवून उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपले मुख्य कार्यालय कोठे आहे याने फरक पडत नाही.

तारीख अधोरेखित केलेल्या अर्जाची प्रत, बिल, आपला आराखडा, दोन्ही तिकिटे आणि माझी मंजूर रजा यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. यापुढचे उत्तर फोनवर नको, ईमेलने लेखी द्यावे.

आपली,
(सही)
ग्राहक, पणजी शाखा